चार स्क्रू, दोन वायरी

माणसाने फाटकात उभं राहून काय जाहीर करावं आणि काय करू नये, यावर दहावीच्या पुस्तकात एक धडा असायला हवा, असं सुनंदाबाई बोरसे यांचं हल्ली मत झालं आहे. त्या बुधवारी मात्र ते तसं नव्हतं. त्या बुधवारी सकाळी पावणेअकरा वाजता, धुळ्याच्या देवपुरातल्या आपल्या घराच्या फाटकात उभं राहून त्यांनी समोरच्या पुष्पाअक्कांना, शेजारच्या मगननानांना आणि भाजीच्या गाडीवरच्या तीन अनोळखी गिऱ्हाइकांना ठणकावून सांगितलं, "नवा कॉम्प्युटर मी स्वतः जोडणार. जुनी हार्ड डिस्कही त्यात मीच बसवणार. चार स्क्रू आणि दोन वायरी. त्यात काय आहे एवढं?"

सुनंदाबाईंनी बत्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. निम्मी गल्ली त्यांच्या हाताखाली पास झाली होती आणि उरलेली निम्मी नापास. पास झालेल्यांना बाईंचा शब्द खोटा ठरलेला बघवला नसता, आणि नापास झालेले तर गेली वीस वर्षं त्याच दिवसाची वाट बघत होते. थोडक्यात, बाईंनी परतीची वाट स्वतःच्या हाताने बंद करून घेतली.

झालं होतं असं. आदल्या दिवशी त्यांचा अकरा वर्षांचा कॉम्प्युटर 'फट्' असा आवाज करून गेला. नुसता गेला नाही, जाताना थोडा धूरही काढून गेला. त्यांचे यजमान भाईदास बोरसे हे बसच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. ते धावत आले, त्यांनी दोनदा वास घेतला आणि चौतीस वर्षांच्या अनुभवाने तिथल्या तिथे निदान केलं, "हेड गॅस्केट गयं." कॉम्प्युटरला हेड गॅस्केट नसतं, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ज्याला गॅस्केट नाही त्याला भाईदास मुळात यंत्रच मानत नसत.

कॉम्प्युटर गेल्याचं बाईंना फारसं दुःख नव्हतं. पण त्याच्या पोटात त्रेसष्ट धडे होते, आणि त्या धड्यांवर नऊ बायांचं नशीब टांगलेलं होतं. भडगावकडच्या एका गावात नूतन नावाची चौतीस वर्षांची बाई अंगणवाडीत मदतनीस आहे. पुढे सेविका व्हायचं तर आधी दहावी हवी, आणि दहावीत गणित दोनदा आडवं आलेलं. ती एका लग्नात बाईंना भेटली, पंगतीत शेजारी बसली आणि बट्टी कुस्करता कुस्करता रडली. बाईंनी तिला शाळेत न जाता दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. तिच्यामागून आणखी आठ जणी आल्या. सगळ्या लग्न झालेल्या, सगळ्या गणिताला भ्यायलेल्या. कानबाईच्या सणात रोटाला सगळ्या भाऊबंदकीत मिळून किती गहू लागतील हे बोटांवर सांगणाऱ्या या बाया 'गुणोत्तर' हा शब्द ऐकला की डोक्यावरचा पदर ओढून गप्प बसत. तेव्हा सुनंदाबाईंनी ठरवलं की यांना गणित यांच्याच बोलीत शिकवायचं. एका धड्यात एक गणित, अहिराणीत, खडू-फळ्यासकट, मोबाईलवर चित्रित करून आणि मग कॉम्प्युटरवर साठवून. अडतीस धडे बायांना पाठवून झाले होते. एक धडा पाहून झाला की त्या तो पुसून टाकत, कारण त्यांच्या फोनमधली सगळी जागा नातेवाइकांनी पाठवलेल्या सुप्रभाताच्या फुलांनी व्यापलेली असे. उरलेले पंचवीस, म्हणजे अख्खी भूमिती आणि त्रिकोणमिती, फक्त त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर होते.

हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कपाट. घर जळालं तरी कपाट शाबूत असू शकतं. ते फक्त दुसऱ्या घरात नीट बसवावं लागतं. धडे नव्याने करायचे तर एकाला दोन दिवस, पंचवीस धड्यांना पन्नास दिवस. परीक्षेला उरले होते सतरा. हे गणित बाईंनी तीन रीतींनी सोडवून पाहिलं, तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

बुधवारी सकाळी त्या कॉम्प्युटर घेऊन दुरुस्तीच्या एका दुकानात गेल्या. दुकानदाराने मोबाईलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "आठ-दहा दिवस लागतील. आतल्या मालाची गॅरंटी नाही." मग एकदाचं डोकं वर काढलं, बाईंचे पांढरे केस पाहिले आणि प्रेमाने म्हणाला, "आजी, तुम्हाला काय करायचाय हो कॉम्प्युटर? नातवाला सांगा ना." सुनंदाबाईंना नातू नव्हता. पण प्रश्न नातवाचा नव्हता, तत्त्वाचा होता. त्यांनी कॉम्प्युटर उचलला, रिक्षात घातला, आणि त्या तापलेल्या डोक्याने फाटकात येऊन वर सांगितलेली घोषणा केली.

घोषणा ऐकून सगळ्यात आधी मगननाना आत आले. नाना एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले होते. जगात जे तीन प्रतींत नाही ते घडलेलंच नाही, अशी त्यांची श्रद्धा. ते म्हणाले, "बाई, जुन्यातली वस्तू काढून नव्यात बसवणार. उद्या काही झालं तर पुरावा काय? आधी पंचनामा करा."

"कोणाचा?"

"मयत कॉम्प्युटरचा."

बाई नको नको म्हणत असताना नानांनी कागद मागवला. 'समक्ष पाहता सदर यंत्र निश्चल अवस्थेत आढळून आले. अंगावर धुराचे डाग. बाह्य जखम नाही.' पंच म्हणून पुष्पाअक्का आणि भाईदास यांच्या सह्या झाल्या. भाईदासांनी सहीखाली कंसात 'गॅस्केट' असं लिहिलं. तीन प्रती झाल्या. एक बाईंना, एक नानांना आणि तिसरी कोणाला द्यायची हे न कळल्याने ती फ्रिजवर चुंबकाखाली लागली.

गुरुवारी बाई जळगावला गेल्या. तिथल्या मार्केटात भूपेंद्र नावाचा एक चाळिशीचा दुकानदार सुटे भाग विकतो, असं त्यांना कळलं होतं. माणूस सज्जन निघाला. त्याने फक्त एकदाच "सर नाही आले सोबत?" असं विचारलं, आणि बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिल्यावर पुन्हा विचारलं नाही. त्याने एकेक भाग पुढ्यात मांडून समजावलं. कॉम्प्युटर चालू होण्यापुरतं जे लागतं ते एका छोट्या नव्या चिपवर घालून दिलं, आणि जुनी हार्ड डिस्क हातात घेऊन म्हणाला, "ही तर शेवटी बसवायची. एक वायर करंटची, एक माहितीची. बस्स. फक्त जोर लावू नका, पाडू नका आणि चुंबकाजवळ नेऊ नका." बाईंनी तिन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या आणि खाली रेघ मारली.

परतीच्या बसमध्ये रिकाम्या कॅबिनेटचा खोका त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवला. कंडक्टर आला. बाईंनी महिलांचं अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टरने खोक्याकडे बोट दाखवलं. "आणि याचं फुल."

"मला अर्धं आणि खोक्याला पूर्ण?"

"सवलत महिलांना आहे ना बाई. खोका महिला आहे का?"

सगळी बस हसली. बत्तीस वर्षं ज्या बाईंच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प झाला, त्यांच्यावर बस हसली. बाईंनी खोका उचलून मांडीवर घेतला. "मांडीवर चालेल ना?" कंडक्टर विचारात पडला, आणि मांडीवरच्याला तिकीट नाही, असा निकाल त्याला द्यावा लागला. एरंडोलपर्यंत खोक्याचे कोपरे पोटात रुतू लागले तेव्हा बाईंनी तो शालीत गुंडाळला. पारोळ्याला चढलेली एक म्हातारी शेजारी बसली, शालीकडे कौतुकाने बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "कितला महिनानं शे वं माय? रडत नही काही नही, भलतं गुनी शे." बाईंनी धुळं येईपर्यंत खिडकीबाहेर बघणं पसंत केलं.

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर अंथरून काम सुरू झालं. भाईदासांना टेबलापासून चार फुटांवर बसायची परवानगी होती. हात लावायची नव्हती. ज्या माणसाने अख्ख्या बसचं इंजिन डोळे मिटून खोललं आणि बसवलं, त्याला आपल्याच घरात बायको स्क्रू पिळताना नुसतं बघायला लावणं हा छळ होता. ते खुर्चीत पुढे सरकत, मागे सरकत, आणि बाईंच्या हातातला पेचकस फिरला की त्यांचं मनगट आपोआप फिरे. "इतला हल्लक? कसीसन आवळ ना," ते कळवळून म्हणत. आणि बाई शुद्ध मराठीत उत्तर देत, "कृपया मध्ये बोलू नये." सुनंदाबाई रागावल्या की पुस्तकी मराठी बोलत आणि माया आली की अहिराणी, हे भाईदासांना लग्नाच्या आठवड्यातच समजलं होतं.

दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं. राहिली हार्ड डिस्क. तिला खाचेत सरकवलं, एक स्क्रू बसला, दोन बसले, तिसरा बसला, आणि चौथा बाईंच्या बोटांतून सुटून कॅबिनेटच्या पोटात कुठेतरी टिंग करून गेला. खोका हलवून पाहिला. आवाज येत होता, स्क्रू येत नव्हता. दहा मिनिटं बाई टॉर्च घेऊन शोधत राहिल्या. तेवढ्यात त्यांना दिसलं, की भाईदास एका दोरीला वाटीएवढं काळं काहीतरी बांधून, विहिरीत बादली सोडावी तसं कॅबिनेटमध्ये सोडत आहेत.

"हे काय आहे?"

"जुन्या स्पीकरनं चुंबक. वर्कशॉपमा पडेल नट आम्ही असंच काढूत."

त्यानंतर बाई जे ओरडल्या ते पांझरेच्या पुलापर्यंत ऐकू गेलं असावं. चुंबक हार्ड डिस्कपासून वीतभर अंतरावर होतं. बाईंनी ते दोरीसकट हिसकावलं, अंगणात फेकलं आणि अतिशय शुद्ध मराठीत म्हणाल्या, "आपण या खोलीत यापुढे प्रवेश करू नये. नऊ बायांचं वर्ष आपण आत्ता पाण्यात घातलं असतं." भाईदास बाहेर पडले. ओसरीवर जाऊन बसले. त्यांचा चेहरा एवढा पडला होता की बाईंना आपलं वाक्य परत घ्यावंसं वाटलं. पण मान खाली घालायची कशी? शेवटी खोका उलटा केला तेव्हा स्क्रू आपोआप त्यांच्या पायावर पडला. चौथा स्क्रू बसला. दोन्ही वायरी लागल्या. बाई हात धुऊन पुष्पाअक्कांकडे विरजण आणायला गेल्या आणि अक्का बोलायला लागल्या की जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिथेच अडकल्या.

शनिवारी सकाळी अक्का कुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊनच हजर झाल्या. "नवीन गाडी लयनी का पूजा नही करत का? मंग?" बाईंनी फक्त बाहेरच्या पत्र्यावर स्वस्तिक काढू दिलं. मगननाना पंचनाम्याची प्रत घेऊन आले होते, लागली तर असावी म्हणून. भाईदास दारात उभे होते, उंबऱ्याच्या बाहेर, शिक्षा पाळत. नारळ फुटला, बटण दाबलं. पंखा फिरला, निळा दिवा लागला, पडदा उजळला, आणि अक्कांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी जुन्या हार्ड डिस्कसाठी सगळीकडे पाहिलं. डिस्क नव्हती. म्हणजे खोक्यात होती, पडद्यावर नव्हती. बंद करून चालू केलं; तरी नव्हती.

खोलीत शांतता पसरली, आणि शांतता म्हटली की सल्ले आले. अक्का म्हणाल्या दिशा बदला, तोंड दक्षिणेला आहे. मगननाना म्हणाले, "तिला अजून नव्या जागी रुजू व्हायचा आदेश मिळालेला नसेल." खिडकीतून डोकावणारा वना, ज्याला बाईंनी नववीत दोनदा बसवलं होतं, फार गंभीरपणे म्हणाला, "बाई, उत्तर चुकलं का?" बाईंना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, कॅबिनेटसकट.

त्यांनी डिस्कच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एका गोड आवाजाने आधी भाषा निवडायला सांगितली, मग पिनकोड मागितला, मग डिस्कवरचा अनुक्रमांक. तो अठरा अक्षरी होता आणि भिंग लावून वाचावा लागला. सतराव्या अक्षरावर फोन कटला. दुसऱ्यांदा लागला तेव्हा एका मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅम, आपके घर में कोई है जिसे कंप्यूटर आता हो?"

बाई म्हणाल्या, "मैं हूँ."

"कोई और?"

तक्रार नोंदवली गेली. बहात्तर तासांत कोणीतरी फोन करणार होतं. मगननानांना तक्रार क्रमांक फार आवडला. चौदा आकडी होता. त्यांनी तो पंचनाम्याच्या समासात उतरवून घेतला आणि म्हणाले, "आता प्रकरण मार्गी लागलं."

संध्याकाळी नूतनचा निरोप आला. "बाई, एकोणचाळीसवा धडा कधी येई? बठ्ठ्या वाट दखी राहिन्यात." सुनंदाबाईंनी तो निरोप वाचला आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. अपमान त्यांनी चार दिवस पचवला होता: दुकानदाराचा, कंडक्टरचा, वनाचा, त्या गोड आवाजाचा. पण नूतनला आता काय लिहायचं? तुझी बाई चार स्क्रू आणि दोन वायरींत नापास झाली, असं? त्यांना पहिल्यांदाच खरोखर रडू आलं. दारात उभ्या भाईदासांनी ते पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवून ते पुन्हा बाहेर गेले.

रविवारी सकाळी बाई उठल्या त्या आपल्या जुन्या मंत्राने. उत्तर चुकलं की रडायचं नाही. शेवटच्या पायरीपासून मागे यायचं आणि एकेक पायरी तपासायची. शेवटची पायरी, म्हणजे वायरी. त्यांनी माहितीची वायर अलगद ओढून काढली, चष्मा पुसून बघितली. मग नाकाशी नेली. तो वास त्या चाळीस वर्षं ओळखत होत्या. रोज संध्याकाळी भाईदासांच्या शर्टातून तो घरात यायचा, आणि रोज त्या शर्ट वेगळा भिजवायच्या.

वायरीच्या तोंडात आणि डिस्कच्या बारीक सोनेरी दातांवर ग्रीस होतं. नीटनेटकं, सारखं, हाताचा सराव असलेल्या माणसाने लावलेलं.

ओसरीवर वर्तमानपत्र उघडं होतं आणि मागे भाईदास होते. पान बराच वेळ उलटलेलं नव्हतं.

"हे आपण केलं?"

पेपर खाली आला. "शुकवारले. तू अक्काकडे गयथी तव्हय."

"का?"

भाईदास उभे राहिले. साहेबासमोर उभे राहत तसे. "आम्हना वर्कशॉपमा बॅटरीनं कनेक्शन बसाडं का वरतून ग्रीस लावनंच पडस. नही लावं तर गंज चढस, आन गाडी घाटमा बंद पडी जास. पन्नास मानसं घेईसन." त्यांनी पेपरची घडी घातली. "मी चुंबक आनं, तू रडानी व्हयनी. मना जीवले लागनं. मंग मनमा म्हटलं, निदान तुनी गाडी तरी घाटमा बंद पडाले नको."

सुनंदाबाईंनी तोंड उघडलं. आत शुद्ध मराठीतलं एक लांबलचक वाक्य तयार होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. ते बाहेर आलंच नाही. या माणसाने चौतीस वर्षांत एकही गाडी घाटात बंद पडू दिली नव्हती, आणि त्याला जी माया येत होती ती तेवढ्याच एका रीतीने करता येत होती. पण राग तर होताच. दोन्ही एकदम आल्याने त्यांना खोकला आला.

"आते हाई ग्रीस निंघी कसं?" त्या शेवटी म्हणाल्या. अहिराणीत. भाईदासांच्या चेहऱ्यावर दिवाच लागला.

ग्रीस काढण्याच्या बाबतीत भाईदासांना तोड नव्हती. त्यांनी औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं, काडीला कापूस गुंडाळला आणि बाईंनी टॉर्च धरला. आता हात लावायची परवानगी त्यांना होती, सूचना बाईंच्या होत्या. "हल्लक," बाई म्हणत. "हल्लकच करी राहिनू," ते म्हणत. अर्ध्या तासाने वायरी लागल्या, बटण दाबलं. तोवर अक्का, मगननाना आणि खिडकीतला वना हे आपापल्या जागी येऊन बसलेले होतेच. रविवार होता, आणि टीव्हीपेक्षा हे बरं होतं.

पडदा उजळला. डिस्क दिसली! अक्का ओरडल्या. पण लगेच पडद्यावर एक चौकट आली. डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल, करायची का, असं विचारत होती. खाली हो आणि नाही.

"हो करा," मगननाना म्हणाले.

"हा म्हना वं," अक्का म्हणाल्या.

"हो!" वना म्हणाला.

सुनंदाबाई मात्र प्रश्न वाचत होत्या. प्रश्न दोनदा वाचा, हे त्यांनी हजारो मुलांना सांगितलं होतं, आणि ऐकलं एकानेही नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचला. फॉरमॅट म्हणजे पाटी स्वच्छ पुसणे. इकडे मगननानांच्या संयमाचा अंत झाला. सरकारी पडद्यावर 'हो' म्हटल्याशिवाय पुढचं पान येत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. "अहो बाई, एवढं काय," असं म्हणत त्यांनी माऊसवर हात ठेवला, आणि बाण 'हो'वर गेला.

सुनंदाबाईंनी बत्तीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याच्या हातावर पट्टी मारली नव्हती. त्या दिवशी त्यांनी अडुसष्ट वर्षांच्या मगननानांच्या हातावर जी चापट मारली ती सगळ्यांनी ऐकली. नानांचा हात उडाला, माऊस टेबलाखाली गेला, चौकट तशीच राहिली. बाईंनी गुडघे टेकून माऊस उचलला, 'नाही' दाबलं आणि कॉम्प्युटर बंद केला. नाना हात चोळत म्हणाले, "याचाही पंचनामा होऊ शकतो." पण आवाजात जोर नव्हता.

वायर पुन्हा निघाली. भाईदासांनी डोळे बारीक करून पाहिलं. "एक दात अजून काळा शे. कापूस तठे पोचत नही." बाईंनी टेबलाच्या खणातून एक कोरा खोडरबर काढला, ब्लेडने त्याची बारीक चकती कापली आणि भाईदासांच्या हातात दिली. त्यांनी ती त्या एका दातावरून तीनदा, चारदा फिरवली. एवढ्या मोठ्या हातांनी एवढं हलकं काम होताना बाईंनी पूर्वी पाहिलं नव्हतं, कारण वर्कशॉपमध्ये त्या कधी गेल्याच नव्हत्या.

बटण दाबलं. चौकट आली नाही. डिस्क उघडली, त्यात एक खाना उघडला, आणि एकाखाली एक त्रेसष्ट धडे उभे राहिले, सकाळच्या प्रार्थनेला वर्ग उभा राहावा तसे.

अक्कांनी बाईंना मिठी मारली. नानांनी पंचनाम्यावर 'प्रकरण निकाली' असा शेरा मारला. वना खिडकीतून म्हणाला, "बाई, मानलं," आणि नापास झालेल्या निम्म्या गल्लीच्या वतीने बोलल्यासारखा निघून गेला. बाईंना त्या क्षणी कोणाचंच काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी एकोणचाळीसावा धडा, समरूप त्रिकोण, नऊ जणींना पाठवला, पाठोपाठ पुढचे चार पाठवले, आणि मग सकाळपासून पहिल्यांदा चहा घेतला.

दुपारी नूतनचा आवाजी निरोप आला. मागे बकरी ओरडत होती आणि नूतन फार हळू, चाचरत बोलत होती. "बाई, राग नका येऊ देऊ. लहान त्रिकोणनं क्षेत्रफळ सत्तावीस, बाजू तीनास पाच. मंग मोठानं पंचवीस त्रिक पंच्याहत्तर येस ना? तुम्हीन फळावर पासष्ट लिखेल शे. मी तीनदा करी दखं. पंच्याहत्तरच येस. मनंच कोठे तरी चुकनं व्हई. सांगा जरा."

भाईदासांनी कप खाली ठेवला. बुधवारपासून ज्याने त्याने बाईंचा पाणउतारा केला होता, आता विद्यार्थिनीनेही तेच करावं, याचं त्यांना वाईट वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. बाईंनी धडा लावला. पडद्यावरच्या सुनंदाबाईंनी, चेहऱ्यावर पूर्ण आत्मविश्वास ठेवून, पंचवीस त्रिक पासष्ट लिहिले आणि खाली दोन रेघाही मारल्या.

"जाऊ दे," भाईदास म्हणाले. "इतलं काय त्येन्हामा."

सुनंदाबाईंनी निरोप पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अहो, कळतंय का तुम्हाला? जी बाई गुणोत्तर म्हटलं की पदर ओढून बसायची, तिने माझं गणित तीनदा सोडवून पाहिलं. तीनदा! आणि मला चूक दाखवली. दोनदा नापास झालेली बाई असं करत नाही हो. ती पास झाली. परीक्षा व्हायची तेव्हा होऊ दे."

त्या उठल्या, फाटकात गेल्या आणि समोरच्या पुष्पाअक्कांना, शेजारच्या मगननानांना आणि रस्त्याने चाललेल्या दोन अनोळखी माणसांना मोठ्याने सांगितलं, "माझं गणित चुकलं!" असा आनंद त्या गल्लीने पूर्वी पाहिला नव्हता. मग त्या आत आल्या, केसांवरून हात फिरवला, फळा पुसला आणि भाईदासांच्या हातात मोबाईल दिला. भाईदासांनी दोन्ही हातांनी तो धरला, श्वास रोखला आणि मान हलवली.

सुनंदाबाईंनी खडू उचलला. "बायाहोन," त्या म्हणाल्या, "आजना धडा मना नही. आज नूतनबाई शिकाडी राहिनी, आन मी शिकी राहिनू."